शिक्केबाई

"बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" ताईने मला विचारलं.

अगदी अदबीने विचारलं. ताई माझ्याशी अदबीने बोलल्याचं मला जन्मात आठवत नाही. ती माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी, त्यामुळे तिच्या लेखी मी कायमची शेंडेफळ. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून तिची जीभ अशी तासली गेलेली, की घरी आलेला प्लंबरसुद्धा तिच्यासमोर पुन्हा एकदा मोजतो आणि मगच पाइप कापतो. तिचे यजमान गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. सोमवारी ती पडदा काढायला स्टुलावर चढली आणि पडली, खुब्याचं हाड मोडलं. मंगळवारी ऑपरेशन झालं. बुधवारी सकाळी म्हणाली, "तुमच्या हॉस्पिटलात उशांमध्ये विटा भरतात का ग?" म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. आणि आज शुक्रवारी दुपारी ती मला विचारत होती, तुम्ही कुणाकडे आलात.

मी खणातून चष्मा काढला, पुसला, तिच्या नाकावर ठेवला. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा तेच विचारलं.

"घाबरू नका हो बाई," सिस्टर म्हणाल्या. या वॉर्डच्या मुख्य सिस्टर, माझ्या जुन्या ओळखीच्या. "वय झालं की ऑपरेशननंतर होतं असं. आपण बुधवार संध्याकाळपासून गोळी चालू केलीय ना."

"कसली गोळी?"

"पेशंटने बरळू नये म्हणून देतात ती. विभागप्रमुख सरांच्या तक्त्यात आहे. सत्तरीपुढच्या सगळ्यांना."

"सिस्टर, बुधवारी दुपारपर्यंत ती बरळत नव्हती."

सिस्टरांनी केसपेपर चाळला. "नव्हत्या खऱ्या. पण आता तुम्ही लगेच तिसरी ओळ काढू नका हं."

तिसऱ्या ओळीची भानगड आधी सांगते. मी या हॉस्पिटलच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं आहे. ग्रंथालय तळघरात, औषधांच्या गोदामाला लागून. पुस्तकं, मासिकं, चार संगणक, आणि मी. डॉक्टर मंडळी खाली येतात, "बाई, अमक्यावर काहीतरी द्या ना," म्हणतात. 'काहीतरी' मी देत नाही. मी एक कार्ड पुढे करते, त्यावर चार ओळी असतात. कोणाला? काय? कशाच्या ऐवजी? कशासाठी? पहिल्या दोन सगळे झटपट भरतात. चौथीही भरतात. तिसरीवर गाडी अडते. अमुक औषध चांगलं, ठीक आहे, पण कशाच्या ऐवजी? दुसऱ्या औषधाच्या? खोट्या गोळीच्या? काहीच न देण्याच्या? ते ठरल्याशिवाय पुरावा शोधता येत नाही, आणि ते ठरवताना निम्म्या लोकांना आपला प्रश्नच वेगळा होता हे कळतं. मोठमोठ्या डॉक्टरांना मी तिसऱ्या ओळीवर ताटकळत ठेवलं आहे. मला त्याची खंत नाही. माझ्या कामात मी कुणाला हार जाणारी नाही.

तर सिस्टरांच्या टेबलामागे भिंतीवर तो तक्ता होता. प्लास्टिकमध्ये बंद केलेला, कडा पिवळट पडलेल्या. खुबा मोडलेला माणूस आला की पहिल्या दिवशी काय, दुसऱ्या दिवशी काय, अशा सात ओळी. पाचवी ओळ गोळीची. सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरात आधार दिला होता: मासिकाचं नाव, वर्ष, खंड एकेचाळीस, पान तीनशे बारा.

लोकांना वाढदिवस लक्षात राहतात, मला खंड आणि पानं. मी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"सिस्टर, संध्याकाळची गोळी किती वाजता देता?"

"सहाला."

घड्याळात दीड वाजला होता. ताई खिडकीकडे बघत कुणाला तरी सतराचा पाढा म्हणून दाखवत होती, आणि तेरावर चुकत होती. मी जिना उतरून तळघरात आले.

खंड एकेचाळीस तिसऱ्या रांगेत, खालून दुसऱ्या फळीवर. पान तीनशे बारा उघडलं. लेखाच्या डोक्यावर तिरका लाल शिक्का होता: मागे घेतला. खाली तारीख आणि माझी सही.

या शिक्क्यावरूनच मला हॉस्पिटलात शिक्केबाई म्हणतात. छापून आलेला लेख कधी कधी मागे घेतला जातो. आकडे जुळत नाहीत, कुणी लबाडी केलेली असते, कुणाची प्रामाणिक चूक असते. मग ते मासिक पुढच्या कुठल्यातरी अंकात, शेवटच्या पानांवर, चार ओळींची सूचना छापतं. ती सूचना सहसा कुणी वाचत नाही. मी वाचते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी त्या सूचना गोळा करते, वहीत उतरवते, आणि शिक्का घेऊन फळ्यांपाशी जाते. हे काम मला कुणी सांगितलेलं नाही. संगणकावर अशा लेखाला आता लाल पट्टी लागते, ते उत्तमच आहे, मीही दिवसभर संगणकावरच शोधते. पण कागदाला पट्टी कोण लावणार, म्हणून मी लावते. साहेब लोक हसतात. "शिक्केबाई, हा अंक उघडतं तरी कोण?" मी म्हणते, उघडेल त्याच्यासाठी.

सात वर्षांपूर्वीची तारीख होती. वहीतली नोंदही सापडली: लेखातल्या निम्म्या रुग्णांची कागदपत्रं मागूनही मिळाली नाहीत, सबब लेख मागे. पुढे दुसऱ्या मंडळींनी तोच प्रयोग नीट केला होता. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. बरळण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं. खरी गोळी घेतलेले मात्र दिवसा जास्त गुंगीत होते आणि उठताना जास्त पडले होते.

मी तो खंड काखेत मारला. आता जाऊन सरांना धुऊन काढायचं, एवढंच डोक्यात होतं. सात वर्षं झोपा काढल्यात का, असंच विचारणार होते. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. सवय वाईट. पुरावा पूर्ण असल्याशिवाय मला वर जाता येत नाही. हा लेख सरांपर्यंत आला कुठून, ते पाहायचं राहिलं होतं.

कार्डांचा खण ओढला. फार शोधावं लागलं नाही. नऊ वर्षांपूर्वीचं कार्ड, चारही ओळी भरलेल्या, वर सरांचं नाव. आणि खाली माझ्या अक्षरात, माझ्या सुबक, गोल अक्षरात: खंड एकेचाळीस, पान तीनशे बारा, झेरॉक्स दिली.

मी स्टुलावर बसले. लेख दिला तेव्हा त्यात काही खोट नव्हती, असणारच कशी. दोन वर्षांनी तो मागे घेतला गेला, तेव्हा मी नेमाने फळीपाशी गेले, शिक्का मारला, सही केली. ज्या माणसाच्या हातात त्याची झेरॉक्स दिली होती, त्याचं कार्ड तिथून दहा पावलांवर खणात होतं. ती दहा पावलं मी चालले नाही. सूचनांची वही एकीकडे, कार्डांचा खण दुसरीकडे, आणि दोन्हींची गाठ घालावी हे मला एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं. मी शिक्का पुस्तकावर मारत राहिले आणि माणसं तशीच सोडली. एकटीच होते तरी मी खण घाईने लोटून दिला.

मग तो पुन्हा उघडला आणि ते कार्डही बरोबर घेतलं.

सरांच्या ओपीडीबाहेर मी नातेवाइकांच्या बाकावर बसले. नऊ वर्षांपूर्वी याच माणसाला मी का-डॉक्टर म्हणायची. दर दोन दिवसांनी खाली यायचे, वाक्याची सुरुवातच 'का'ने. खुबा जोडल्यावर म्हातारी माणसं बरळतात, ती का? काहीच बरळतात, सगळी नाहीत, ती का? मला हा माणूस फार आवडायचा. पुढे ते विभागप्रमुख झाले, 'का' गळून पडला आणि नुसते सर उरले. खाली येणंही थांबलं. त्यांना फोनवर सगळं मिळायला लागलं होतं.

चार वाजता आत बोलावलं.

"बाई, तुमच्या ताईंचं कळलं मला," ते खुर्ची पुढे करत म्हणाले. "राउंडला बघतो. वयामुळे होतं असं, दोन-चार दिवसांत येतील ताळ्यावर."

"सर, तक्त्यातल्या पाचव्या ओळीबद्दल बोलायचं होतं."

"का, काय झालं?"

"ज्या लेखावर ती ओळ उभी आहे, तो लेख मागे घेतलाय."

ते हसले. चिडले नाहीत, हे मला लक्षात आहे. "शक्यच नाही. नऊ वर्षं देतोय आम्ही ती गोळी. कुणाला काही झालं नाही."

"कशाच्या ऐवजी?"

त्यांचं हसू थोडं हललं. मग त्यांनी खिशातून फोन काढला, बोटाने भराभर खाली-वर केलं आणि माझ्यासमोर धरला. "हा बघा. माझ्याकडे साठवलेलाच आहे. कुठेय पट्टी? कोरा करकरीत आहे."

"हा तुम्ही कधी उतरवून घेतला होता?"

"तेव्हाच. तुम्ही झेरॉक्स दिलीत, त्याच आठवड्यात."

"तेव्हा तो कोराच होता, सर. तुमच्या फोनमधला अजून त्याच आठवड्यात आहे."

मी खंड टेबलावर उघडून ठेवला. लाल शिक्का त्यांच्याकडे तोंड करून होता. त्यांनी चष्मा वर सारून वाचलं, तारखेवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"सात वर्षं," ते म्हणाले. मग मान वर केली. "तुमची सही आहे ही. तुम्हाला सात वर्षं माहीत होतं, आणि तुम्ही मला आज सांगताय?"

उत्तर तयार होतं माझ्याकडे. सूचना जगजाहीर असते, आपण वापरतो तो लेख टिकून आहे का हे बघणं डॉक्टरचं काम आहे, ग्रंथालयाचं नाही. एक अक्षरही खोटं नव्हतं त्यात. ते ऐकवून मी हात झटकून उठू शकत होते. त्याऐवजी मी कार्ड काढून शिक्क्याशेजारी ठेवलं.

"हो, आज सांगतेय. पुस्तकावर शिक्का मारला, तुम्हाला सांगितलं नाही. चूक तुमचीही आहे, पण आधी माझी. आणि खोटं कशाला बोलू, ताई वर झोपली नसती तर मला तक्ता आजही दिसला नसता."

त्यांनी कार्ड हातात घेतलं. स्वतःचंच नऊ वर्षांपूर्वीचं अक्षर वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग पुढचा प्रयोग मागितला. मी छापून आणला होता. तो त्यांनी माझ्यासमोर पूर्ण वाचला, तक्ते आणि तळटीपांसकट. बाहेर बाकावरची माणसं कुजबुजायला लागली.

"यावरून तुमच्या ताईंना गोळीनेच झालंय असं म्हणता येत नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाहीच येत. एका माणसावरून काही ठरत नाही, हे मीच सगळ्यांना सांगत असते."

"मग गोळी थांबवून द्यायचं काय? काहीतरी द्यायला तर हवं."

"'काहीतरी' मी देत नाही, तुम्हाला माहितीये." मी दुसरे कागद पुढे केले. "चष्मा नाकावर, ऐकायचं यंत्र कानात. खाट खिडकीशी, दिवसाचा उजेड मिळेल अशी. पाणी वेळेवर. दुसऱ्या दिवशी उठवून बसवणं. आणि जवळ ओळखीचं माणूस. याचा पुरावा गोळीपेक्षा कितीतरी भक्कम आहे."

"हे काय औषध झालं?"

"औषध नाही. गोळीच्या ऐवजी आहे."

त्यांनी वॉर्डला फोन लावला. "सिस्टर, तक्त्यातली पाचवी ओळ आजपासून बंद. नवीन कुणालाच नाही. ज्यांना चालू आहे त्यांना सहाच्या आधी मी स्वतः येऊन बघतो. हो, सगळ्यांना." त्यांनी फोन ठेवला. "नऊ वर्षं, बाई," ते म्हणाले.

सहाच्या आत ते खरोखरच वॉर्डात आले. ताईचा कागद पाहून गोळी बंद केली. मी रजा टाकली आणि ताईच्या खाटेशी ठाण मांडलं. शनिवारी ती दिवसभर झोपली. रविवारी तिने मला आईच्या नावाने हाक मारली, मी ओ दिली. सोमवारी दुपारी मी शब्दकोडं सोडवत बसले होते, तेव्हा उशीवरून आवाज आला, "शेंडेफळ, सात आडवं चुकलंय."

माझा जीव भांड्यात पडला. रडू आलं ते मी लपवलं नाही. "आता रडतेस कशाला, खोडून नीट लिही," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती उशांना टेकून बसली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं: तक्ता, शिक्का, कार्ड, माझी दहा पावलं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. गोळीचं ऐकून ती संतापेल असं मला वाटलं होतं.

"माझ्याआधी या खाटेवर कोण होतं ग?" तिने विचारलं.

"मला काय माहीत?"

"मग कुणाला माहीत असणार?" ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.

घरी सोडल्यावर ती काठी धरून चालायला लागली आणि मी कामावर परतले. पहिलं काम हेच केलं: सूचनांची वही आणि कार्डांचा खण समोरासमोर मांडून गाठ घालत बसले. आठवडा गेला त्यात. माझ्या हातून बाहेर गेलेले आणि पुढे मागे घेतले गेलेले असे चौतीस लेख निघाले. मी एकेकाला फोन लावले. काहींना आठवेना, काहींनी तो लेख कधी वापरलाच नव्हता, एकजण म्हणाला की तुम्हाला निवृत्तीनंतर करमणार कसं, बाई. तिघांनी मात्र खंड आणि पान पुन्हा सांगायला लावलं. एका जुन्या छातीच्या डॉक्टरांचा फोन त्यांच्या मुलीने उचलला. बाबा गेले, म्हणाली, तुमचं काय काम होतं? मी म्हटलं, त्यांना दिलेला एक लेख परत घ्यायचा होता. तिला काही कळलं नाही, पण बरं म्हणाली. त्या कार्डावर पुढे काय लिहावं हे मला अजून सुचलेलं नाही.

या खाटेवर आधी कोण होतं, हा ताईचा प्रश्न मी सरांना जसाच्या तसा सांगितला होता. एवढंच, बाकी मी काही सुचवलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी, गुरुवारी दुपारी, तळघराच्या उतारावर ढकलगाडीची चाकं करकरली. मला वाटलं गोदामाचा माल आला. सर होते. गाडीवर वॉर्डच्या जुन्या नोंदवह्या होत्या, अकरा वर्षांच्या: तक्ता लागल्यानंतरच्या नऊ आणि आधीच्या दोन. सगळ्यात वर तो तक्ता, भिंतीवरून काढलेला.

"सिस्टर विचारतायत, तिथे आता काय लावायचं," ते म्हणाले. "म्हटलं, सध्या मोकळंच राहू द्या." मग इकडेतिकडे बघितलं. "टेबल तेच आहे की अजून."

मी शिक्का आणि शाईची गादी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी तक्त्यावर शिक्का मारला. प्लास्टिकवर शाई धरेना, पुसट उठला. त्यांनी नखाने कड सोडवून प्लास्टिक सोलून काढलं आणि कागदावर पुन्हा मारला. खाली तारीख घातली, सही केली. माझ्याकडे न बघताच हात पुढे केला, तशी मी त्यांना कोरं कार्ड दिलं.

कोणाला? खुबा मोडून आलेल्या सत्तरीपुढच्या माणसांना. काय? ती गोळी. तिसऱ्या ओळीवर ते अजिबात अडले नाहीत: तक्ता लागण्याआधीच्या दोन वर्षांशी ताडून. चौथीवर मात्र अडले. कशासाठी? मी घाई केली नाही. शेवटी त्यांनी लिहिलं: कळावं म्हणून.

तक्ता लागला त्या वर्षाची वही त्यांनी काढली. मी लांबलचक कागदावर रकाने आखले आणि पेन्सिलीला टोक केलं. ते एकेक नोंद वाचणार, मी रेघा मारणार, असं ठरलं.

"खाट क्रमांक सहा," ते वाचायला लागले. "बाई. वय अठ्ठ्याहत्तर. गोळी सुरू, दुसरा दिवस. चौथा दिवस." इथे ते थांबले. मी वर बघितलं. पानावरचं अक्षर त्यांचंच होतं, तेव्हाचं, घाईतलं.

"मुलीला ओळखत नाही," त्यांनी वाचलं. "वयोमानानुसार."

मग तेच त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, आवाज न करता.

मी पहिली रेघ मारली. "पुढचं वाचा," म्हटलं.